सुमन बसायची ती जागा

जनामावशी कधी फोन करत नाही. तिच्याकडे फोन आहे, पण तिच्या मते तो नातवंडांचे फोटो बघण्यासाठी आहे. त्यामुळे त्या सकाळी पडद्यावर तिचं नाव आलं तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं. भर वाऱ्यात होडीतल्या माणसाला हाक मारावी तशी ती ओरडून बोलली. "बाई, आज पेपर उघडू नका. मी येते सांगाया." आणि फोन बंद. पेपर उघडू नका असं सांगितल्यावर न उघडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आतल्या पानावर, पाणी कोणत्या वॉर्डात कधी येणार याच्या खाली, चार ओळी होत्या. बोईसरजवळ एका तृतीयपंथीयाचा मृतदेह आढळला, तिघे ताब्यात. नाव दिलं होतं ते असं : आधी एका पुरुषाचं नाव, मग 'ऊर्फ', मग सुमन. 'ऊर्फ' हा शब्द आपण गुन्हेगारांसाठी आणि जुन्या नाटकांच्या जाहिरातींसाठी राखून ठेवलेला आहे. सुमन या दोन्हींत बसत नव्हती. ती बोईसरच्या मासळीबाजारात बोंबील विकायची, आणि गेली कितीतरी वर्षं आठवड्यातून दोनतीनदा बाजार उठल्यावर माझ्या घरी यायची.

ते पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. पेपरवाल्यांनी लिहिलं आहे, तेवढं पुरे.

बाजारात सुमनच्या शेजारी बसणारी जनामावशी आली ती मासळीच्या टोपलीशिवाय. तिला टोपलीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि एखाद्या ओळखीच्या माणसानं अचानक चष्मा काढावा तसं वाटलं. ती खुर्चीवर बसत नाही. जमिनीवर भिंतीला टेकून बसली. चहा नको म्हणाली, मग घेतला. जे सांगायचं ते तिनं एकदाच सांगितलं. संध्याकाळचा बाजार उठल्यावर सुमन नेहमीच्या वाटेनं, कारखान्यांच्या मागच्या भिंतीकडेनं, आपल्या खोलीकडे निघाली होती. तीन पोरं दुचाक्या लावून उभी होती. ती तिथे रोजच असायची, रोज काहीतरी बोलायची, आणि सुमन रोज त्यांना त्यांच्याच भाषेत परत द्यायची. त्या दिवशी बोलण्यावर थांबलं नाही. तिघांतले दोघे तिच्याकडून मासे घेणारे होते. "त्यातल्या एकाच्या आयला मी वळखते," जनामावशी म्हणाली. "ती पन काल रात्रीपासून जेवली नाय."

नंतरच्या दिवसांत मला अनेकांनी विचारलं, पण कारण काय होतं? बिल्डिंगमधल्यांनी विचारलं, जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, दूधवाल्यानं विचारलं. कारण कळलं की माणसाला बरं वाटतं. ते आपल्याला लागू पडत नाही याची खात्री करून घेता येते. मी सांगितलं, कारण नव्हतं. ते कोणालाच आवडलं नाही. खटला चालेल तेव्हा चालेल, तिथे वकील काहीतरी कारण शोधतीलच.

मृत्युलेख कसे लिहितात याविषयी सुमनची स्वतःची मतं होती. माझ्या घरी आली की ती आधी हातपाय धुवायची, मग बाल्कनीच्या उंबऱ्यात बसून पेपर मागून पुढे वाचायची, म्हणजे श्रद्धांजलीच्या जाहिरातींपासून. आठवीपर्यंत शिकलेली होती आणि वाचायची मोठ्यानं. "हे पन मनमिळाऊ होते, बाई. हे पन. ह्या आजी तर मनमिळाऊ आनि परोपकारी." मग पेपर खाली ठेवून : "भांडकुदळ कोनी मरतच नाय का आपल्याकडं?" एकदा म्हणाली, मी गेले तर असलं काय लिहू नका. तेव्हा लिहिते की सुमन मनमिळाऊ नव्हती. भांडकुदळ होती, केसांविषयी गर्विष्ठ होती, कोणाचीही नक्कल करायची आणि ती करताना समोरचा ऐकत असेल याची फिकीर करायची नाही. माझी नक्कल तर मला दाखवूनच करायची : चष्मा नाकावर ओढून, पापलेटाकडे संशयानं बघत, "हे ताजं आहे ना नक्की?" मी घाटावरची. नोकरीसाठी इथल्या शाळेत आले, मासे खायला इथे शिकले, ताजे ओळखायला शेवटपर्यंत शिकले नाही. सुमनला यात माझ्या सगळ्या शिक्षणाचा पराभव दिसायचा आणि तो ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

तिची आई हिराबाई हीच माझी पहिली मासेवाली. तारापूरच्या बाजूच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून पहाटे लिलावाची मासळी घेऊन टेम्पोनं बोईसरला यायची. उंच, काळीसावळी, फार न बोलणारी बाई. तिच्या मागेपुढे टोपल्या उचलणारं एक सडपातळ पोरगं असायचं, ते मध्येच कधीतरी दिसेनासं झालं. सुरतेला गेलं असं कळलं. काही वर्षांनी परत आलं तेव्हा केस लांब होते, कानात रिंगा होत्या, आणि हिराबाईनं कोणाला काही समजावून सांगितलं नाही. "माजी सुमन," एवढंच म्हणाली, जणू ती माहेरपणाला आली होती. थोरल्या भावानं, दिनेशनं, घरात राहू दिलं नाही. तेव्हा हिराबाईनं बोईसरला एक खोली बघून दिली आणि टोपल्या उचलायला तिला परत बाजारात आणलं. आईनं सुमनसाठी जाहीरपणे काय केलं म्हणाल तर एवढंच. मोठमोठ्या पुस्तकांत मी आयांची जी वर्णनं वाचली आहेत त्यांत याहून जास्त बोलणं असतं.

आता त्या बाजाराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चाललं. मासळीबाजारात ओट्यावरच्या जागा बायकांच्या असतात. कागदावर त्या कोणाच्या आहेत ते मला माहीत नाही. रांगेच्या लेखी आईची जागा मुलीला जाते, मुलगी लांब दिली असली तर सुनेला. बाप्या माणसानं टेम्पो चालवावा, बर्फाच्या लाद्या फोडाव्यात, बाहेर विडी ओढत उभं राहावं. ओट्यावर त्यानं बसायचं नाही. कोणी बसलंच तर त्याला उठवायला भांडावंही लागत नाही. रांगेतल्या बायका नुसत्या त्याच्याकडे बघून हसतात. हिराबाई गेली तेव्हा दिनेशचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे सून नव्हती. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुमन निळी साडी नेसून आली आणि आईच्या जागेवर बसली.

मी त्या दिवशी तिथे होते. मांदेलीसाठी गेले होते आणि जणू ग्रामसभेला बसले. सगळी रांग एकदम बोलत होती. ही बाई कशी, हा हिराचा मुलगा. मुलगाच कसा, साडी दिसत नाही का. साडी काय नाटकातले पण नेसतात. उद्या हळदीकुंकवाला पण बोलवायचं का हिला. सुमन मान खाली घालून बोंबलांचे वाटे लावत होती, आणि तिचा एक वाटा दुसऱ्यासारखा होत नव्हता. शेवटी तिच्या उजव्या हाताला बसणारी जनामावशी उठून उभी राहिली. ती तेव्हाही म्हातारीच होती. "गप रा जरा," ती म्हणाली. मग सुमनकडे वळून : "ए पोरी. बाप्या असशील तर ऊठ. बाई असशील तर हिराची लेक हायस, जागा तुजी हाय. काय ते एकदा सांग, मासली खराब व्हते." सुमन म्हणाली, "लेक हाय." जनामावशी बसली. विषय संपला. हळदीकुंकवाचं काय, असं पलीकडून कोणीतरी पुन्हा विचारलं, तर "संक्रांत यायची हाय अजून, तेवा बगू," म्हणाली. संक्रांत आली तेव्हा पहिलं बोट तिनंच लावलं.

मी हे पुढे कितीदा तरी लोकांना सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मग जनामावशीनंच एकदा मला खरं सांगितलं. बाजाराच्या टोकाला एक कोंबडीवाला होता, त्याची त्या रिकाम्या जागेवर नजर होती. जागा मोकळी राहिली असती तर महिन्याभरात तिथे पिंजरे आले असते. "कोंबडीचा वास मला सोसत नाय," ती म्हणाली. पुरोगामी विचारांचा विजय आमच्या बोईसरात हा असा झाला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. चांगल्या हेतूंनी भरलेली भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतल्या एकानंही कोणाला कधी बसायला जागा दिल्याचं आठवत नाही.

जागा मिळाली आणि सुमन बदलली. बोलू लागली, आणि मग थांबलीच नाही. कारखान्यांतली बिहार-यूपीकडची पोरं तिच्याकडून सुके बोंबील न्यायची. "सुमन दीदी, ये बनाते कैसे हैं?" असं त्यांनी विचारलं की ती दरवेळी वेगळी कृती सांगायची, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी तक्रार केली की म्हणायची, "तेल मंगता, भाई, तेल. पानी में मछली समुंदर में रहती है, कढ़ाई में नहीं." लग्नसराईत कोणी ना कोणी नवं जोडपं किंवा तान्हं मूल घेऊन तिच्यापुढे उभं राहायचं, आशीर्वाद दे म्हणायचं. नोटही पुढे करायचं. सुमनला याचा मनस्वी राग होता. "आशीर्वाद इथं नाय मिळत," ती म्हणायची, "इथं बोंबील मिळतात. घ्यायचे तर घ्या, नायतर मागं लाइन हाय." मागे बहुतेक वेळा कोणीच नसायचं.

माझ्या घरी ती का येऊ लागली याला दोघींनी कधी नाव दिलं नाही. सुरुवातीला निमित्त मासे साफ करून देण्याचं होतं. मला बोंबील साफ करता येत नाही. माझ्या हातात तो निसटतो आणि मग मी त्याची माफी मागते, असं सुमन सगळ्यांना सांगायची. ती माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मासे साफ करायची, मी तांदूळ धुवायचे, आणि मग आम्ही जेवायचो. मी लग्न केलं नाही. हे इथे लिहायचं कारण एवढंच, की या गावात 'तुमचं कोणी नाही का' हा प्रश्न दोघींना सारख्याच सुरात विचारला जायचा. मला जरा आदरानं, तिला जरा हसून, पण सूर तोच. एकदा तिनं मला विचारलं, "बाई, तुमाला एकटीला भीती नाय वाटत?" मी म्हटलं, सवय झाली. ती विचार करून म्हणाली, "मला बी सवय झाली, पन भीती पन वाटते. दोनी एकदम व्हतं." मी शाळेत अनेक वर्षं मराठी शिकवलं, एकटेपणाविषयी एवढं नेमकं वाक्य माझ्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

दिनेशचं पुढे लग्न झालं. वहिनी, कविता, एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात कामाला होती. बाजारावरून जायची तेव्हा मान दुसरीकडे वळवून जायची, आणि सुमन मुद्दाम मोठ्यानं तिच्या साडीचं कौतुक करायची. दिनेश बोलायचा नाही. वर्षातला एकच दिवस सुमनला ते सोसायचं नाही. भाऊबीजेला ती सकाळी आपल्या खोलीत ताट तयार करायची : निरांजन, सुपारी, कुंकू, एक नवा रुमाल. दुपारपर्यंत वाट बघायची. मग ते ताट फडक्यानं झाकून माझ्याकडे यायची, करंज्या खायची, आणि नेहमीपेक्षा जास्त बडबड करायची. एका वर्षी मी न राहवून म्हटलं, अगं, तो येणार नाही हे माहीत असताना कशाला मांडतेस सगळं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलताच बाळबोध प्रश्न विचारला होता. "तो नाय येत ते त्याचं," म्हणाली. "ताट करनं माजं हाय."

पोलिसांचं आणि दवाखान्याचं सगळं आटोपल्यावर तिला ताब्यात घ्यायला दिनेशच गेला. रक्ताचं माणूस तेच. आमच्याकडे बाई गेली की माहेरची साडी घालतात. सुमनला माहेर म्हणाल तर बाजार, म्हणून रांगेतल्या बायकांनी मिळून हिरवी साडी घेतली, आणि जनामावशी ती घेऊन गावात दिनेशच्या दारात गेली. मी बरोबर होते. आत सुमनला पँट-शर्ट घातलेला होता. केस कापलेले होते… ते केस, ज्यांना ती खोबरेल लावायची आणि वाऱ्याच्या दिवशी ज्यांच्यासाठी निम्मा बाजार थांबवायची. दिनेश दाराबाहेर आला. मी त्याच्याशी भांडायची तयारी करूनच गेले होते, पण तो लहान मुलासारखा रडत होता. "मावशी, लोकांचं मी नाय ऐकत," तो म्हणाला. "पन मला तो तसा बगवत नाय. मी त्याला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचो." जनामावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, साडी पुन्हा पिशवीत घातली आणि आम्ही परत आलो. रिक्षात ती म्हणाली, "रडतोय खरा. पन भावासाठी रडतोय. बहिनीसाठी कोन रडनार?"

त्यानंतर पालघरला शोकसभा झाली. मला 'ज्येष्ठ साहित्यिक' म्हणून बोलावलं होतं. माझ्या नावावर एक व्याकरणाची पुस्तिका आहे, तीही दुसऱ्या दोघींबरोबर लिहिलेली. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो सुमनच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि जास्त हसरा. पाहुणे उशिरा आले. वाहतुकीला दोष देऊन समावेशकतेवर बोलले, मुख्य प्रवाह हा शब्द वारंवार वापरला आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. बाजारातल्या बायका मासळी विकून तशाच आल्या होत्या. त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि संयोजकांपैकी एकानं तिथे लगबगीनं दोन उदबत्त्या लावल्या. मला शाल आणि श्रीफळ दिलं. शोकसभेत सत्कार स्वीकारण्याचा माझा हा पहिलाच अनुभव. नको म्हणायला गेले, तर फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा इकडे बघा.

त्या सभेत आठवणीत राहिलं ते एकच. विरारहून शबनम नावाची एक तृतीयपंथी बाई आली होती. सुमन सुरतेहून परतल्यावर, बोईसरला खोली मिळेपर्यंत, तिच्याकडे राहिली होती. सूत्रसंचालकानं तिला दोन शब्द बोला म्हटलं. ती म्हणाली, "दोन नाही, सहा बोलते. सहा नावं आहेत." आणि तिनं तिच्या ओळखीच्या, मारल्या गेलेल्या सहा जणींची नावं घेतली, कागद न बघता, प्रत्येकीमागे एकेक वाक्य जोडून. रेश्मा, तिला पोहता यायचं. गुड्डी, चहात आलं जास्त टाकायची. पायल, रडायची नाही, नाक लाल व्हायचं फक्त. नगमा, तिच्याकडे मांजर होतं. छोटी, नाव छोटी, होती सगळ्यांत उंच. आणि सुमन, ती मला मासे पाठवायची आणि बर्फ कमी घालायची. "बस. ह्यांना शहीद वगैरे बोलू नका," ती म्हणाली. "त्या कामावरून घरी चालल्या होत्या." सभागृहात कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. त्यामुळे वाजल्या नाहीत, आणि तेच बरं झालं.

तेरावं जवळ आलं तशी बाजारात कुजबूज सुरू झाली. दिनेशनं निरोप पाठवला होता : आयची जागा आता सुनेनं चालवायची, कविता येऊन बसेल. रीतीप्रमाणे त्यात चूक काढता येत नव्हती. मुलगी नसेल तर सून. पण मला त्या निरोपानं झोप येईना. हिराबाई, आणि हिराबाईनंतर तिची सून. असं एकदा ठरलं की मधली सगळी वर्षं भरून काढायला कोणाचीच गरज उरत नाही. पेपरात ती 'ऊर्फ' होती, सरणावर मुलगा होती. बाजारातला तो हातभर ओटा ही एकच जागा होती जिथे ती हिराची लेक होती, आणि आता तीही शिस्तीत पुसली जाणार होती. मी जनामावशीला म्हटलं, बसू देऊ नका. ती म्हणाली, "बाई, बसू तर द्यायलाच लागंल. तिला पन पोटं हायत. कारखान्यातनं काडलीय तिला." मला हे माहीत नव्हतं.

कविता आली त्या दिवशी मी गेले होते. जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय गेले. ती फिकी पिवळी साडी नेसून आली होती, टोपलीत बोंबील होते. दिनेश बाहेर मोटारसायकलवर बसून होता, हेल्मेट तसंच डोक्यावर. आमच्या बाजारात अशी पद्धत आहे की मेलेल्या बाईच्या जागेवर जी नवी बसते ती पहिला वाटा विकत नाही. गेलेल्या बाईच्या नावानं तो कोणाला तरी देऊन टाकते, आणि देताना ते नाव मोठ्यानं घेते, रांगेला ऐकू जाईल असं. त्यानंतरच तिचा धंदा सुरू होतो. कवितानं वाटा लावला. सरळ, नीट लावला. हाताला पॅकिंगची सवय होती. मग तो उचलून म्हणाली, "सासूच्या नावाचा."

कोणीतरी बर्फ फोडत होतं, ते थांबलं. जनामावशी आपल्या जागेवरून उठली नाही. समोरच्या माश्यांवर पाणी मारता मारता म्हणाली, "हिराचा वाटा कवाच दिऊन झाला गो. तिच्या लेकीनं दिला, माज्या डोल्यांदेखत. दोन वेला कोन मरत नाय."

"मला त्यांनी सांगितलंय तसं बोलले, मावशी," कविता हळू म्हणाली.

"त्यानं सांगितलं ते त्याच्याजवल. ओट्यावर तू बसनार हायस. जिच्या मागनं बसतीस तिचा वाटा दे. नाय द्यायचा तर टोपली उचल, आमी काय बोलनार नाय. पोरांना घेऊन जेवायला ये माज्याकडं, पन हितं बसू नको."

कविता वाटा हातात धरून उभी राहिली. बोंबलांचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिनं बाहेर नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं, कारण बाजार एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता. त्यानं गाडी चालू केली. हेल्मेटच्या काचेआडून चेहरा दिसत नव्हता. इंजिन तसंच चालत राहिलं… आणि कविता इकडे वळून, रांगेकडे न बघता, हातातल्या माश्यांकडे बघत म्हणाली, "नणंदेच्या नावाचा."

"नाव हाय तिला."

"सुमनच्या नावाचा," ती म्हणाली. "माज्या नणंदेच्या."

दिनेश गेला नाही. थोड्या वेळानं त्यानं गाडी बंद केली. हेल्मेट काढलं नाही, आत आला नाही, पण बाजार उठेपर्यंत तो तिथेच होता असं मला नंतर कळलं. वाटा कोणाला द्यायचा हे कविताला सुचेना, तेव्हा जनामावशीनं माझ्याकडे बोट केलं. "त्या बाईंना दे. तिच्या घरचंच मानूस हाय." मी पिशवी पुढे केली. कवितानं विचारलं, साफ करून देऊ का. मी नको म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही. घरी येऊन ते साफ करता करता त्यातला एक हातातून निसटून सिंकखाली गेला, आणि वाकून त्याला शोधत असताना माझ्या तोंडून नेहमीप्रमाणे सॉरी गेलं. हसणारं कोणी नव्हतं.

बाजार उठायच्या सुमारास मी अजूनही दाराची आतली कडी काढून ठेवते. ठेवू नये, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा बजावलं आहे. दिवस बरे नाहीत म्हणतात. त्या दुपारीही काढली. भात लावला, बोंबील तळले. वाटा दोघींना पुरेल एवढा होता. अर्धे खाल्ले, उरलेले झाकून ठेवले, आणि पेपर घेऊन बाल्कनीच्या उंबऱ्याशी खुर्ची ओढून बसले. मागच्या पानावर तीन जण मनमिळाऊ होते. संध्याकाळी कडी लावली आणि उरलेले बोंबीलही मीच खाल्ले.